नाग, कन्हान, पेंच: दगडांच्या पिशव्यांची नोंदवही

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

सरांनी शुक्रवारी विषयाला होकार दिला आणि आज जागा बघून आलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी प्रॅक्टिकलची जोडीदारीण. एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा हा प्रकल्प. नदीच्या तळाशी राहणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या बिनकण्याच्या प्राण्यांवरून पाण्याची प्रत ठरवायची. अळ्या, गोगलगाई, शिंपले, जळवा, गाळातल्या बारीक अळ्या-गांडुळं, पाण्यातले ढेकूण आणि भुंगे, सगळं त्यात आलं.

वर्गातल्या एकाने विचारलंच की नाग नदी घाण आहे हे सांगायला प्रकल्प कशाला, पुलावरून जाताना नाकाला कळतं. प्रश्न रास्त आहे. पण नाकाला एवढंच कळतं. घाण कितपत आहे, कुठून सुरू होते, तिच्यात अजून कोण तग धरून आहे आणि उद्या पाणी सुधारलं तर सगळ्यात आधी कोण परत येईल, ते नाकाला सांगता येत नाही. मला तेच हवं आहे.

बाटलीत भरलेलं पाणी त्या क्षणापुरतं खरं असतं. रात्री कुणी काही सोडलं आणि सकाळी आठला आपण बाटली भरली, तर ते केव्हाच खाली वाहून गेलेलं असतं. दगडाखाली महिना-दोन महिने राहणारी अळी मात्र रात्रीही तिथेच होती. ती मेली असेल तर सकाळपर्यंत तिची जागा भरून येत नाही.

चार जागा नक्की केल्या. पेंच नदी, नवेगाव खैरीच्या धरणाखाली, पारशिवनी तालुक्यात. कन्हान नदी, कामठीजवळ. नाग नदी, अंबाझरीच्या सांडव्याखाली. आणि नाग नदीच, पण सगळं शहर ओलांडून झाल्यावर पारडीच्या पुढे. लाव्ह्याच्या टेकड्यांकडून आलेलं पाणी अंबाझरीत साठतं, तिथून सांडून पंचशील चौक, यशवंत स्टेडियम, अशोक चौक करत पूर्वेला जातं, पुढे कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते. नागपूरचं पिण्याचं पाणी पेंच आणि कन्हानवरून येतं. म्हणजे आपण पितो ती नदी आणि आपण सोडतो ती नदी, दोन्ही या एकाच वहीत येणार.

१ डिसेंबर २०२४, रविवार. पेंच

सकाळी सहाला निघालो, थंडी चांगलीच होती. पाण्याचं तापमान २१ अंश. गुडघाभर पाण्यात जाळी प्रवाहाच्या आडवी धरायची आणि तिच्या वरच्या अंगाला पायाने तळ ढवळायचा, मोजून तीन मिनिटं. सुटे झालेले प्राणी प्रवाहाबरोबर जाळीत येतात. जाळीचं भोक अर्ध्या मिलिमीटरचं आहे. त्यापेक्षा मोठं घेतलं तर लहान अळ्या निसटतात, बारीक घेतलं तर जाळी गाळाने तुंबते आणि पाणी बाजूने वळसा घालून जातं.

जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी केली तेव्हा आधी नुसता पालापाचोळा दिसला. जोडीदारीण म्हणाली, काहीच नाही गं. मी म्हटलं, थांब, हलवू नको. मिनिटभराने कचरा चालू लागला.

एक हेप्टाजेनिडी कुळातला मेफ्लायचा निंफ, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या एका किड्याचं पंख न फुटलेलं पिल्लू, मी बराच वेळ बघत बसले. करंगळीच्या नखाएवढाही नाही. अंग इतकं चपटं की कपाळावरची टिकली वाटावी. डोळे बाजूला नसून डोक्याच्या वर, शेपट्या तीन. पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांची पानं. हा वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारा प्राणी, ऑक्सिजन प्रवाहच आणून देतो. ट्रेमधलं पाणी साचलेलं, त्यात ऊन वर येत होतं. दहा मिनिटांत त्याची कल्ल्यांची पानं इतक्या जोरात फडफडू लागली की ती वेगळी दिसेनात. ऑक्सिजन कमी पडला की काय होतं हे पुस्तकात तीन वेळा वाचलं होतं. आज ते दिसलं. मी ट्रेमध्ये ताजं पाणी ओतलं आणि पानं पुन्हा एकेक मोजता येऊ लागली.

दगडाच्या खालच्या बाजूला हायड्रोसायकी कुळाच्या कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याच्या अळ्यांनी लाळेच्या रेशमाची जाळी विणलेली होती. कोळ्यासारखीच, पण पाण्यात आणि प्रवाहाकडे तोंड करून. वाहून येणारे कण त्यात अडकतात आणि अळी जाळीच खरडून खाते. दगड पाण्याबाहेर काढला की ते विणकाम चिखलाच्या थेंबासारखं चोळामोळा होतं, म्हणून दगड बाहेर काढायच्या आधी पाण्यातच बघायचा.

३ डिसेंबर २०२४

चूक झाली. पेंचच्या बाटल्यांत मी बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ७० टक्के अल्कोहोलमध्ये शाई विरघळली आणि तीन बाटल्यांतल्या चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या. वेगवेगळ्या जागी केलेल्या तीन ढवळण्या आता एकच धरायला लागतील. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहायची, हे कुणी सांगायला नको होतं.

८ डिसेंबर २०२४, रविवार. नाग नदी, दोन्ही जागा

सकाळी सातला अंबाझरीच्या खाली. पाणी हिरवट, दगडांवर शेवाळाचा जाड थर. जाळीत लाल अळ्या, टाचणीचे (चतुराच्या सडपातळ भाईबंदाचे) निंफ, तीन प्रकारच्या गोगलगाई. त्यातली फायसा ओळखायला सोपी. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरलं तर तोंड डावीकडे येतं. लिम्निआचं उजवीकडे. बोटांत फिरवून बघितलं की पुन्हा विसरायला होत नाही.

शेवाळात एक पाणढेकूण सापडला, पाठीवर अंड्यांची दाटीवाटीने रचलेली ओळच्या ओळ. हा नर आहे. मादी अंडी त्याच्या पाठीवर चिकटवून निघून जाते आणि पिल्लं फुटेपर्यंत तो ती वागवतो. मधूनमधून पायांवर शरीर खालीवर हलवतो, म्हणजे अंड्यांवरून पाणी खेळतं. आम्ही त्याला न मारता, वहीत टिपून परत सोडला.

अकराला पारडीच्या पुढे. गमबूट, कोपरापर्यंत हातमोजे, चेहऱ्यावर रुमाल. इथे पाण्याला वेग आहे, तरी तळ काळा. जाळी टाकली की बुडबुडे वर येतात आणि सडक्या अंड्याचा वास, म्हणजे तळाशी ऑक्सिजन नसताना चाललेली कुजण्याची क्रिया. ट्रेमध्ये काळा गाळ धुऊन धुऊन पातळ केला तेव्हा खाली लाल रंग दिसला. आधी वाटलं कुंकू सांडलंय. मग ते हललं.

ट्युबिफेक्स, गाळातली बारीक लाल गांडुळं. डोकं गाळात खुपसलेलं, शेपूट वर, आणि ती सतत हलत राहते. हिला कल्ले नाहीत, कातडीनेच श्वास घेते आणि त्यासाठी शेपटीकडचा भाग पाण्यात ताणून ओढते. ऑक्सिजन जितका कमी तितकी शेपटी जास्त बाहेर. सोबत कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या लाल अळ्या. त्यांचा लाल रंग आपल्या रक्तात असतो त्या हिमोग्लोबिनचाच. बहुतेक किडे हिमोग्लोबिनवर चालत नाहीत, या अळीला तो गाळात जगण्यापुरता ऑक्सिजन धरून ठेवायला लागतो. काठाच्या साचलेल्या डबक्यात शेपटीवाली अळीही होती, एका जातीच्या माशीची. शेपूट म्हणजे श्वासनळी, दुर्बिणीसारखी लांब होते आणि टोक पाण्याच्या वर ठेवते. ती पाण्यात राहते, पण श्वास हवेतूनच घेते.

सगळं मिळून एवढंच. तीन मिनिटं ढवळून दोन कुळं जाळीत, एक काठाला. प्राणी मात्र हजारांत. हे लक्षात ठेवायला हवं, कारण कुणी म्हणेल की नदीत जीव भरपूर आहे. जीव भरपूर आहेत, पण एकाच तऱ्हेचे.

घरी आल्यावर हात तीनदा धुतले.

९ डिसेंबर २०२४

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत १८८८ सालची आहे आणि अजून तिच्याइतकी विश्वासाची दुसरी वाटत नाही. बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरायचं, नदीवरच मँगनीज सल्फेट आणि अल्कलीतलं आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. मग ॲसिड घालून स्टार्चच्या साक्षीने थायोसल्फेट सोडायचं आणि निळा रंग जाईपर्यंत मोजायचं.

पेंचच्या बाटलीचा साका गडद तपकिरी, चहाच्या गाळासारखा. पारडीच्या बाटलीचा साका काल नदीवरच बघितला होता, आज परत बघितला. पांढरा. दुधात भिजवलेल्या खव्यासारखा पांढरा. मोजायला काही उरलंच नव्हतं. सरांनी बाटली उजेडात धरली, काही बोलले नाहीत, परत ठेवली.

अंबाझरीची गोष्ट वेगळी निघाली. काल आम्ही परत येताना दुपारी तीनला पुन्हा एक बाटली भरली होती, खरं तर बाटली उरली होती म्हणून. सकाळी सातला लिटरला २.९ मिलिग्रॅम, दुपारी तीनला ९.४. तीच जागा, तोच दिवस. दिवसा शेवाळ उन्हात ऑक्सिजन बनवतं, रात्री सगळे मिळून तो संपवतात. दुपारच्या बाटलीवर अहवाल लिहिला असता तर पाणी उत्तम ठरलं असतं. ज्या प्राण्याला पहाटे पाच वाजताही श्वास घ्यायचा आहे, त्याला दुपारच्या आकड्याचा उपयोग नाही. अंबाझरीखाली चपटे मेफ्लाय का नाहीत याचं एक उत्तर इथे आहे.

१४ डिसेंबर २०२४. कन्हान

कन्हानची जाळी निराश करणारी. पाणी नितळ, वास नाही, साका तपकिरी, आणि तरी ट्रेमध्ये फार थोडे प्राणी. वाळूत पुरून राहणारा चतुराचा एक निंफ, दोन शिंपले, पोटात पिल्लं वाढवणारी व्हिविपॅरिडी कुळातली मोठी गोगलगाय, थोड्या अळ्या. मेफ्लाय एकही नाही.

काठावर एक ढिवर काका जाळं वाळवत होते. बराच वेळ आमच्याकडे बघत राहिले.

"काय शोधून राह्यल्या बाई?"

"किडे, काका."

"गळाले लावाले?"

"नाही, मोजायला."

"किडे मोजून काय भेटते?"

मी समजावलं, जमेल तसं. त्यांनी ट्रे जवळून बघितला, शिंपला बोटाने उलटा केला. म्हणाले, इथे नुसती रेतीच आहे, किडे गोट्यांत राहतात, ते वर गोटे आहेत तिकडे जा. मग म्हणाले, रेती रोज इकडची तिकडे होते, तिच्यात कोण घर करील.

१६ डिसेंबर २०२४

काकांचं बोलणं डोक्यातून जात नाही. अधिवेशन आजपासून सुरू झालं, निम्मे रस्ते बंद, कॉलेजला पोचायला तास लागला आणि तो तासभर मी हाच विचार केला.

आमच्या मांडणीत खोट आहे. पेंचला गोटे, कन्हानला वाळू, पारडीला गाळ, शहरात बऱ्याच ठिकाणी दोन्ही बाजूंना भिंती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी सांडून नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, त्यानंतर नदी मोकळी ठेवण्याची निकड सगळ्यांनाच कळली आणि ती खरीच आहे. दर उन्हाळ्यात पोकलेन उतरतात, गाळ निघतो, त्याबरोबर तळ जातो. मग मेफ्लाय नाही याचा अर्थ पाणी वाईट आहे असा घ्यायचा, की त्याला पाय रोवायला दगड नाही असा? जाळी एवढंच सांगते की प्राणी नाही. का नाही, हे तिला ठाऊक नसतं.

सरांपुढे हे ठेवलं. ते म्हणाले, मग सगळीकडे घर तू दे.

सोपं आहे आणि जुनं आहे, आपल्याला आधी सुचलं नाही इतकंच. चारही जागी सारख्या दगडांच्या पिशव्या टाकायच्या, सहा आठवडे ठेवायच्या आणि कोण राहायला येतं ते बघायचं. घर सारखं दिलं तर उरलेला फरक पाण्याचा.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

कॉटन मार्केटमधून कांद्याच्या जाळीदार पिशव्या आणल्या. एका पिशवीत मुठीएवढे आठ गोटे आणि विटेचे दोन तुकडे. विटेला भोकं असतात, बारीक प्राणी त्यात बसतात. सगळे दगड एकाच ढिगातले, घासून धुऊन चार दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवलेले, म्हणजे आमच्याकडून कुणी पाहुणा जायला नको. जागेला तीन, अशा बारा पिशव्या.

एका दिवसात चारही जागा केल्या. पेंचला झाडाच्या मुळाला, कन्हानला काकांनी दाखवलेल्या जुन्या खुंटाला, नागवर लोखंडी सळईला. प्रत्येक पिशवी पाण्याच्या सारख्या खोलीवर, साधारण फूटभर. पारडीला आजूबाजूची पोट्टी जमली. एकाने विचारलं, ताई, यात सोनं आहे का? मी पिशवी उघडून गोटे दाखवले आणि सांगितलं की सहा आठवडे हात लावू नका, मग काय निघतं ते तुमच्यासमोर उघडून दाखवीन. तो म्हणाला, पाहून ठेवतो.

५ जानेवारी २०२५

चारही जागा बघितल्या. पिशव्या जागेवर.

१५ जानेवारी २०२५

संक्रांतीनंतरचा दिवस. पंचशीलपासून खालपर्यंत नदीत मांजा. अंबाझरीच्या एका पिशवीला नायलॉनच्या मांजाचा एवढा गुंता की त्यावर प्लास्टिक, फुलं, निर्माल्य सगळं अडकून पिशवी अर्धी झाकली गेली होती. कात्रीने कापून काढलं, तीन ठिकाणी हातमोजा चिरला. आतले दगड हलवले नाहीत. ही पिशवी मोजणीत घ्यायची की नाही ते मोजणीच्या दिवशी ठरवू. मला वाटतं घेऊ नये, कारण बरेच दिवस तिच्यातून पाणी नीट खेळलंच नसेल.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. पिशव्या काढल्या

पेंचला पहिली पिशवी मी सरळ वर उचलली आणि उचलता उचलता दिसलं की पाण्याबरोबर बारीक काहीतरी झरझर सुटून जातंय. आधी खालच्या अंगाला जाळी लावायची, पिशवी तिच्यात ढकलायची आणि मग दोन्ही एकत्र उचलायचं, हे नवेगाव खैरीच्या वाटेवर मीच जोडीदारणीला सांगितलं होतं. ती पिशवी बाद. उरलेल्या दोन नीट काढल्या. अंबाझरीची मांजावाली बाद केली. पारडीच्या तिन्ही शाबूत, त्या पोट्ट्याने शब्द पाळला.

त्याच्यासमोर उघडली. गोट्यांवर राखाडी रंगाचा बुळबुळीत थर, सांडपाण्यात वाढणाऱ्या जिवाणूंचा, आणि त्यात वळवळणारं लाल. तो म्हणाला, नुसत्या अळ्याच? मी सांगितलं की हेच घर आम्ही पेंचला ठेवलं होतं, तिथे दहा-बारा तऱ्हेचे प्राणी राहायला आले. मोबाइलवर सकाळचे फोटो दाखवले. चपट्या मेफ्लायच्या फोटोवर त्याने बोट ठेवून विचारलं, हा इथं काहून नाही आला? मी म्हटलं, त्याला इथे श्वास घेता येत नाही. त्याने नदीकडे बघितलं आणि आणखी काही विचारलं नाही.

३ ते ७ फेब्रुवारी २०२५

पाच दिवस चिमटा, ट्रे आणि सूक्ष्मदर्शक. मान अवघडली आहे.

गुण देण्याची पद्धत इथे लिहून ठेवते. सजीवांवरून पाण्याचा मैलेपणा ठरवायची कल्पना जर्मनीतल्या कोलक्विट्झ आणि मार्सन यांनी १९०८-०९ मध्ये पद्धतशीर मांडली. ब्रिटनमध्ये १९७६ साली नेमलेल्या एका कार्यगटाने ती व्यवहारात सोपी केली. जात ओळखायची गरज नाही, कुळ ओळखलं की पुरे. प्रत्येक कुळाला १ ते १० गुण, ऑक्सिजनचा जितका हट्ट तितके गुण जास्त. चपट्या मेफ्लायच्या कुळाला १०, लाल अळीच्या कुळाला २, गाळातल्या गांडुळांना १. बेरजेला कुळांच्या संख्येने भागायचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डच सहकार्याने यमुनेवर काम करून ही पद्धत आपल्याकडे आणली. तिच्यात या सरासरीला विविधतेच्या आकड्याची जोड आहे आणि निकाल पाच रंगांत लावला जातो. स्वच्छ पाणी निळं, मग फिकट निळं, हिरवं, नारिंगी आणि सगळ्यात वाईट तांबडं.

विविधतेचा आकडा काढायची रीत मला फार आवडली, कारण तिला नाव माहीत असण्याचीही गरज नाही. प्राणी नीट मिसळून एका ओळीत मांडायचे. पहिल्याला दुसऱ्याशी ताडायचं, दुसऱ्याला तिसऱ्याशी. सारखा असेल तर पुढे जायचं, वेगळा आला की एक खूण. खुणांना प्राण्यांच्या संख्येने भागायचं. शाळेतलं पोरसुद्धा हे करू शकेल.

पारडीचे शंभर प्राणी ओळीत लावले. लाल, लाल, लाल, लाल. एकविसाव्याला पहिली गोगलगाय. शेवटपर्यंत खुणा ११. पेंचचे शंभर लावले तेव्हा जवळजवळ प्रत्येक प्राण्यापाशी थांबावं लागलं, खुणा ७२.

९ फेब्रुवारी २०२५

हिशोब पूर्ण झाला.

पेंचच्या पिशव्यांत गुण मिळणारी दहा कुळं. दोन १० वाली, हेप्टाजेनिडी आणि लेप्टोफ्लेबिडी, दोन्ही मेफ्लायची. फिलोपोटॅमिडी या कॅडिसफ्लायचे ८, केनिडी या मेफ्लायचे ७, टाचण्यांचे ६, हायड्रोसायकी, एल्मिडी (पाण्यातले भुंगे) आणि सिम्युलिडी (काळ्या माश्या) यांचे ५-५, बेटिडी या मेफ्लायचे ४, लाल अळ्यांचे २. बेरीज ६२, सरासरी ६.२. विविधता ०.७२. फिकट निळा.

कन्हानच्या पिशव्यांत सहा कुळं, बेरीज २५, सरासरी ४.१७. हिरवा. आणि मला आनंद कशाचा झाला तर, त्यात केनिडी आणि बेटिडी हे दोन मेफ्लाय आणि जाळी विणणारी हायड्रोसायकीसुद्धा! जाळी मारली तेव्हा यांतलं कुणीही नव्हतं. वरून वाहत येत होते, उतरायला गोटा नव्हता. काकांचं बोलणं अक्षरशः खरं निघालं. नुसत्या जाळीवर विसंबलो असतो तर वाळूचा दोष पाण्यावर टाकला असता.

अंबाझरीखाली सात कुळं, बेरीज २२, सरासरी ३.१४. पारडीला तीन, गांडुळं, लाल अळ्या आणि फायसा. बेरीज ६, सरासरी २, विविधता ०.११. नारिंगी आणि तांबड्याच्या बरोबर उंबरठ्यावर. जाळीत आलं होतं त्यापेक्षा दगडांनी फक्त एक फायसा वाढवली. म्हणजे पारडीला घर दिलं तरी भाडेकरू येत नाहीत. तिथे दोष पाण्याचा आहे.

सरांनी लगेच खोडून काढायचा प्रयत्न केला आणि ते बरं झालं. कन्हानला वरून वाहून यायला प्राणी आहेत, पारडीला वरून येणार कोण? सगळं शहरच वर आहे. मी अंबाझरीची यादी पुढे केली. तिच्यात बेटिडी आहे. या कुळातली पिल्लं तळ सोडून प्रवाहाबरोबर खाली सरकत राहतात, ती त्यांची सवयच. म्हणजे वर बीज आहे, मधल्या वाटेत ते मरतं. सर म्हणाले, मग मधली वाट दाखव. दोन जागांवरून एवढं मोठं वाक्य लिहू नको. बरोबर आहे. पंचशील आणि अशोक चौक या दोन जागा वाढवायला हव्यात.

आणखी एक गोष्ट बोचते. मूळ ब्रिटिश यादी थंड देशाची. आमच्या ट्रेमधला अंडी वागवणारा पाणढेकूण, थायरिडी कुळातली लांब टोकदार गोगलगाय, नदीतले झिंगे, यांना तिच्यात गुणच नाहीत. आपल्याकडे जुळवून घेतलेल्या यादीवरून चारही जागांचा हिशोब पुन्हा मांडणार आहे. दोन्ही आकडे शेजारी छापीन. या वहीतले वरचे आकडे मूळ यादीचे आहेत, रंगही तेवढ्यापुरतेच धरायचे.

१८ फेब्रुवारी २०२५

पेंचहून आणलेले सहा निंफ प्रयोगशाळेत हवेचा पंप लावलेल्या टाकीत ठेवले होते. आज सकाळी एक वर आला. पाण्याच्या पृष्ठभागावर कातडी पाठीवर फाटली आणि मळकट, धुरकट पंखांचा मेफ्लाय काठीवर येऊन बसला. इतर किड्यांना एकदा पंख फुटले की पुन्हा कात टाकणं नसतं. मेफ्लाय टाकतो. संध्याकाळी साडेपाचला तो पुन्हा फाटला, पंखांसकट, आणि आतून काचेसारख्या पंखांचा दुसरा बाहेर आला. काठीवर पहिल्या पंखांची रिकामी झूल तशीच उभी.

त्याचं तोंड कामाचं नाही, आता तो काही खाणार नाही. खिडकी उघडली. उडून गेला की नाही ते अंधारात दिसलं नाही.

२ मार्च २०२५, रविवार

ऊन वाढलं. कन्हान बरीच खाली गेली आहे. काकांना निकाल सांगायला गेले, कागद नेला होता, पण त्यांना ट्रेमधले फोटोच बघायचे होते. हायड्रोसायकीच्या जाळ्याचा फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. म्हणाले, हा तर आमच्याच जातीचा.

पोकलेन उतरायच्या आत पंचशील आणि अशोक चौकात पिशव्या टाकायच्या आहेत, जागेला तीन. कांद्याच्या सहा पिशव्या घेतल्या, गोटे गच्चीवर वाळत आहेत. पारडीच्या पोट्ट्याने फोनवर विचारलं, आता कुठं लावून राह्यले, मी येऊ का. बुधवारी सकाळी सातला पंचशीलच्या पुलाजवळ ये म्हटलं. त्याच्या मापाचे गमबूट शोधायचे आहेत.